न बोलवता आलेली

नारळ पेटला तेव्हा तो माझ्या हातात होता आणि मी हसत होते. मला यातलं काही आठवत नाही. पण तळेवाडीच्या शाळेसमोर जमलेल्या सगळ्या गावानं ते पाहिलं आणि पुढं कितीतरी महिने जो भेटेल त्यानं मला ते रंगवून सांगितलं.

नारळ पेटणारच होता म्हणा. तो पेटावा म्हणूनच तर मी सकाळी त्याच्या शेंडीत सोडियमचा तुकडा दडवला होता. कार्यक्रमात माझं काम ठरलेलं असे. नारळ परातीत ठेवायचा, मंत्र पुटपुटल्यासारखं करायचं, वरून पाणी ओतायचं आणि चटकन मागं सरकायचं. जाळ भडकला, बायाबापड्यांनी हात जोडले, की माझे यजमान भालचंद्र आजगेकर पुढं होत. "हात खाली घ्या मंडळी. यात देवी नाही, करणी नाही. शाळेत मुलांना शिकवतो ते शास्त्र आहे हे."

हे गडहिंग्लजला हायस्कूलात विज्ञान शिकवायचे, मी मुलींच्या शाळेत भूगोल. रविवारी आम्ही दोघं एसटीनं गावोगाव जाऊन बुवा-बायांचं पितळ उघडं पाडायचो. आमच्या घरात देव नव्हते. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात रेडिओ होता आणि त्याचा मला केवढा अभिमान होता!

त्या रविवारी मी नारळ परातीत ठेवलाच नाही.

मला आठवतं ते असं. उजव्या हातात तांब्या, डाव्या हातात नारळ, आणि समोर पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली गौराक्का. गौराक्काच्या अंगात दर मंगळवारी देवी यायची. आजूबाजूच्या गावांतली माणसं तिला आपली गाऱ्हाणी सांगायला यायची. आमचा हा कार्यक्रम खास तिच्यासाठी, तिच्या दारासमोरच्या शाळेत लावला होता. ती मजेत सुपारी कातरत आमच्याकडं बघत होती. तेवढ्यात मला वाटलं, माझ्या पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहिलंय.

लहानपणी आपण अर्धवट झोपेत कुडकुडत असतो आणि कुणीतरी येऊन अंगावर पांघरूण घालतं. आपण डोळे उघडत नाही, पण आपल्याला कळतं. तसं वाटलं. सगळं ठीक आहे, आजवर जे झालं तेही ठीकच होतं, आणि हे ज्याला माहीत आहे तो इथं आहे. असं वाटण्याची ती पहिली वेळ नव्हती. वर्षभरात हे चार-दोनदा झालं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार? आजगेकर सरांच्या बायकोला पाठीशी कुणीतरी उभं दिसतं म्हणून?

शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते. तळहात आगीसारखा झोंबत होता. नारळ दूर जाऊन धुमसत पडला होता; गौराक्कानं तो माझ्या हातातून उडवून लावला होता. ती मला मागून धरून होती आणि बायका एकेक करून माझ्या कपाळाला हळदीकुंकू लावत होत्या. एकीनं तर पायावर डोकं ठेवलं.

"नाटक आहे हे!" हे ओरडत होते. त्यांचा आवाज चिरकला होता. "मंडळी, बाजूला व्हा! हे सगळं नाटक आहे! अंगात येण्याचं सोंग कसं आणतात ते आमच्या सौभाग्यवतींनी तुम्हाला करून दाखवलं! टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी!"

आधी कुणी वाजवेना. मग मागच्या पोरांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. मी कुंकवानं माखलेलं तोंड घेऊन तशीच बसून राहिले. गौराक्का माझ्या कानाशी आली.

"न बोलवता आली न्हवं?"

मी पदरानं कपाळावरचं कुंकू पुसू लागले.

"मंगळवारची मी आणती, बाई. गाव येतंय, त्यास्नी रिकामं कसं लावू? पर अधनंमधनं एक येती ती न बोलवता. तुझीबी तीच हाय. मी बघितली."

मी तिचा हात झटकला आणि उभी राहिले. टाळ्या वाजतच होत्या, म्हणून मी वाकून नमस्कार केला. नाटक संपल्यावर नट करतात तसा.

परतीच्या एसटीत ह्यांनी माझ्या हाताला रुमाल बांधला. गाठ मारता मारता विचारलं, "ते तू ठरवून केलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

"आधी सांगायचंस. जीव गेला माझा." आणि मग, "पण काय झकास केलंस! पुढच्या वेळेपासून हे आपण कार्यक्रमातच घेऊ."

पण पुढच्या वेळी झालं ते आमच्या स्वयंपाकघरात. मी पोळ्या लाटत होते आणि हे समोर पाटावर जेवत होते. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली. मी लाटणं हातात धरून ओठ हलवत भिंतीकडं बघत राहिले. हाक मारली, हलवलं, तरी मला पत्ता नाही. आता समोर प्रेक्षक नव्हते, त्यामुळं नाटक म्हणायची सोय राहिली नाही. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी रजा टाकली आणि मला मिरजेला नेलं.

डॉक्टर हुपरीकर मेंदूचे डॉक्टर. साठीचे, मऊ आवाजाचे. त्यांच्या माणसानं माझ्या केसांत चिकट मलम घालून डोक्यावर तारा डकवल्या. मशीनमधून लांबच लांब कागद सरकत बाहेर येऊ लागला आणि त्यावर पेनं थरथरत रेघा मारू लागली. कागद बघून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ते येतं तेव्हा नेमकं काय वाटतं तुम्हाला?"

हे शेजारीच बसले होते. मी म्हणाले, "मळमळतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं. "सर, बाहेर आमच्या माणसाकडून कागदाचा राहिलेला तुकडा आणता का जरा?" हे बाहेर गेले. "हं, आता सांगा."

मी सांगितलं. खाली मान घालून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, पांघरुणासकट सगळं सांगितलं. नवऱ्याच्या माघारी परपुरुषाबद्दल बोलावं तशी लाज वाटत होती. डॉक्टर हसले नाहीत.

"कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा एक भाग असतो," ते म्हणाले. "तिथं ठिणगी उडते. फिटचाच एक प्रकार. बहुतेकांना त्या वेळी भीती वाटते. तुमच्यासारखं चांगलं वाटणारे फार थोडे असतात. गोळी सुरू करू, म्हणजे थांबेल."

"मग ते खोटं होतं का?"

"वाटणं खरं होतं. मागं कुणी उभं होतं का, ते माझ्या मशीनला दिसत नाही." त्यांनी चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं. "पण एक सांगतो, गोळी चुकवू नका. पुढची फिट मोठी असू शकते, आणि त्या वेळी तुम्ही रस्ता ओलांडत असाल किंवा विहिरीवर असाल. हौसेखातर जीव घालवू नये माणसानं."

ते मला ओळखून बसले होते. मला आणखीच लाजल्यासारखं झालं.

ह्यांना त्यांनी पुढं काय सांगितलं कोण जाणे, पण हे दवाखान्यातून उड्या मारतच बाहेर आले. एसटी स्टँडवर, लोकांच्या देखत, माझ्या कानाच्या वर बोट टेकवून म्हणाले, "अगं, म्हणजे देव इथं असतो! इतकी वर्षं मी त्याला देवळात शोधून खोडून काढत होतो आणि तो माझ्याच घरात!"

"हळू बोला हो."

"हळू का? कुमुद, तुला कळतंय का हे केवढं मोठं आहे? गौराक्कालाही हेच असणार!"

गोळी सुरू झाली आणि ते थांबलं. पाठीशी कुणी येईना. पोळ्या जळायच्या बंद झाल्या. शाळेतल्या बाई म्हणायच्या, तब्येत सुधारली हो तुमची. मीही मान डोलवायची.

त्या दिवाळीत गौराक्का चुलीवर पडली. पाणी तापवायला बसली होती, तशीच पुढं कलंडली. तिची मुलगी शेवंता घरात होती म्हणून निभावलं, पण दंडापासून मनगटापर्यंत कातडी गेली. शेवंता रडत आमच्याकडं आली आणि ह्यांनी दोघींना आपण होऊन मिरजेला नेलं. या माणसाचं हे असं होतं. वाद घालून समोरच्याला लोळवतील, आणि तो आजारी पडला की त्याच्या उशाशी बसतील. तिथं गौराक्काच्याही डोक्याला तारा लागल्या, तसाच कागद निघाला, तशीच गोळी मिळाली. पण ती गोळी घेईना. शेवंतानं जिभेवर ठेवली तर थुंकून टाकायची.

"ती रुसंल," एवढंच म्हणायची.

म्हणून मग तळेवाडीला दुसरा कार्यक्रम लावला. या वेळी नारळ नव्हता. शाळेच्या वर्गात दोरी बांधून ह्यांनी तिच्यावर माझ्या मेंदूचा कागद चिमट्यांनी लटकवला होता. वाळत घातलेल्या धुण्यासारखा तो वाऱ्यानं हलत होता. मी पुढं खुर्चीवर बसले होते. मागच्या वेळी मला कुंकू लावलेल्या बायका समोर होत्या, आणि पहिल्या रांगेत गौराक्का, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून.

"मागं मी तुम्हाला नाटक म्हणून सांगितलं," हे म्हणाले. "ते नाटक नव्हतं. आज खरं सांगतो. माझ्या बायकोच्या अंगात खरोखरच आलं होतं." वर्गात कुजबुज झाली. ह्यांना अशी कुजबुज आवडायची. "पण जे आलं ते ह्या रेघांमधून आलं. ही बघा, ही उंच उडालेली रेघ. हीच तुमची देवी. गोळी दिली, रेघ खाली बसली, देवी गेली."

सगळ्यांच्या नजरा कागदावरून माझ्यावर आल्या. अंगावर वस्त्र नसल्यासारखं वाटलं मला. जे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्यानं दोरीवर टांगलं होतं आणि वर पट्टीनं दाखवत होता. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले.

शेवंता मधेच उठली. तिच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. "सर, ते समदं ऱ्हाऊ द्या. हिला एवढी गोळी घ्यायला लावा. मी शेतावर जाती, घरात कुणी नसतंय. फुडल्या टायमाला मी नसली तर काय करू?" आणि ती आईकडं वळली. "माझ्यासाठी तरी घे की गं."

गौराक्का तिच्याकडं बघेना. ती माझ्याकडं बघत होती.

"तू सांग," ती मला म्हणाली. "गोळी खाल्ल्यापासनं तुझी आलीया का?"

"नाही."

"एकदाबी न्हाई?"

"नाही."

"मग तुला बरं वाटतंय?"

"अगदी ठणठणीत आहे ती," हे म्हणाले. "सांग ना कुमुद. किती मोकळं वाटतंय ते सांग त्यांना."

शेवंतानं माझ्यापुढं हातच जोडले. 'हो' म्हणायचं, बस. एवढंसं 'हो'. बाई गोळी घेईल, भाजून मरायची वाचेल, हे खूश होतील, आणि आम्ही सहाची एसटी धरू. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. पण गौराक्का माझ्याकडं अशी बघत होती की तिच्यापाशी खोटं बोलणं म्हणजे आरशात बघून स्वतःशी खोटं बोलण्यासारखं होतं. तिनं माझी पाहिली होती. साऱ्या जगात तिनं एकटीनं.

"नाही," मी म्हणाले. "बरं नाही वाटत."

ह्यांचा हातातल्या पट्टीवरचा अंगठा पांढरा पडलेला मला दिसला.

"मी गोळी घेते. रोज घेते, चुकवत नाही, कारण मला मरायचं नाही. पण गोळी घेतली की मी वाट बघत बसते. पोळ्या करताना, वर्गात नकाशा लावताना. मागं वळून बघते. कुणी नसतं." आता मला थांबता येईना. "हे म्हणतात ती रेघ होती. असेल. डॉक्टरही तसंच म्हणतात, आणि ते शहाणे आहेत. पण गौराक्का, मला तिची आठवण येते हो. रोज येते."

आणि मी ढसाढसा रडले. भूगोलाची बाई, आजगेकर सरांची बायको, भर वर्गात, माझ्याच मेंदूच्या कागदाखाली बसून. एवढी लाज मला ना आधी कधी वाटली ना नंतर. मागच्या बाकांवरून कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांनी पट्टी खाली ठेवली आणि कागदाकडं तोंड करून उभे राहिले.

शेवंतानं डोक्यावर हात मारून घेतला. आता आई जन्मात गोळी घेणार नाही, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं, आणि मलाही तेच वाटत होतं. एका बाईचा जीव माझ्या हातात होता आणि मी तो सोडून दिला.

गौराक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्यासमोर आली. चांगल्या हातानं तिनं माझे डोळे पुसले, पदरानं, खरखरीत पुसले. मग शेवंताकडं हात पसरला.

"आण इकडं."

"काय?"

"गोळी आण म्हंती न्हवं का." तिनं ती तोंडात टाकली, माझ्या खुर्चीशेजारच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायली आणि माझ्याजवळ खालीच बसली. "मला वाटलं, ही गोळी घेऊन हसती-खेळती हाय, म्हंजे हिची खोटीच होती. आन् हिची खोटी तर माझीबी खोटी." तिनं माझ्या पायावर थाप मारली. "तसं न्हाई. मग बसू की वाट बघत. तू तिकडं बस, मी हितं बसती."

परतीच्या एसटीत गुंडाळलेला कागद ह्यांच्या मांडीवर होता. गाव मागं पडलं, ओढा गेला, तरी हे त्या कागदाकडंच बघत होते. रागावले असतील असं वाटून मी अंग चोरून बसले होते.

"इतकं चांगलं वाटायचं?" त्यांनी विचारलं तेव्हा मला आधी कळलंच नाही की ते माझ्याशी बोलतायत.

"हो."

"मला कधी बोलली नाहीस."

"लाज वाटायची."

एसटी खड्ड्यातून गेली. कागद मांडीवरून घसरला, तो त्यांनी उचलला नाही.

"आपल्या इतक्या वर्षांत," ते अगदी हळू म्हणाले, "माझ्याजवळ असताना... तसं कधी वाटलं का गं?"

हा माणूस कुणाकडं कधी काही मागत नसे. देवाकडंही नाही. मी काहीतरी गोड बोलायला हवं होतं. पण नुकतंच साऱ्या गावापुढं खरं बोलून बसलेल्या बाईला लगेच खोटं सुचत नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी पिशवीतून माझी संध्याकाळची गोळी काढली, पाण्याची बाटली उघडून दिली. मी गिळली. त्यानंतर ह्यांनी तो कागद कधी कुठं लटकवला नाही.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. गौराक्का बाजाराच्या दिवशी आमच्याकडं यायची. आत कधी आली नाही, पायरीवरच टेकायची. मंगळवारची देवी तिनं सोडली नव्हती, आणि ह्यांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

"आली का गं?" ती मला विचारायची.

"नाही. तुमची?"

"न्हाई बाई."

मग चहा पिऊन, शेवंताच्या पोरांच्या चार गोष्टी सांगून जायची. आमचं हे बोलणं चालू झालं की हे आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाजवायचे. ते ऐकतायत हे मला कळायचं, आणि ऐकू येऊ नये असं वाटून माझा आवाज आपोआप खाली जायचा.

गेल्या थंडीत गौराक्का गेली. म्हातारी होऊन, अंथरुणात, लेकीच्या हातचं पाणी पिऊन. तिच्यानंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी मी सवयीनं चहाला एक कप पाणी जास्त ठेवलं, आणि मग लक्षात येऊन तशीच गॅसपुढं उभी राहिले.

बाहेर कुणीतरी पायरीवर बसल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर हे. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे धरून, कसाबसा खाली टेकलेला. एका हातात माझी गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं. माझ्याकडं बघायचं टाळून ते फाटकाकडं बघत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

"आली का गं?" त्यांनी विचारलं.

मी 'नाही' अशी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले, आणि पायरीवर जरा सरकून मला जागा केली. "थांबू मग थोडा वेळ."